चामडं शिवायचा पहिला लाकडी चिमटा

दोन सुयांची शिवण हाताने शिकायची ठरवलीत, फार आनंद झाला. या शिवणीत दोन्ही हात गुंततात, म्हणून काम धरायला चिमटा हवाच. पण लगेच पायाने आवळायचा, फिरणारा वगैरे करायला जाऊ नका. मांडीखाली दाबून बसता येईल अशी फळी, तिच्यावर दोन उभे जबडे, मधून एक बोल्ट आणि विंग नट (पंखांचा, हातानेच आवळायचा). सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

सांगलीत वखारीत सागाचे उरलेले तुकडे मागा. बिनगाठीचे आणि पुरते वाळलेले बघून घ्या. ओलं लाकूड नंतर पिळतं.

नेहमी चुकतं ते इथे:

- जबड्यांची टोकं चौकोनी ठेवतात. मग आरी (भोकं पाडायचा टोचा) तिरकी लागते आणि मागच्या बाजूची शिवण वाकडी जाते. बाहेरची कड उतरती तासा, म्हणजे हात कामाच्या अगदी जवळ जातो.
- आतून मऊ चामडं चिकटवत नाहीत. कोल्हापुरी चपला झाडपाल्यात कमावलेल्या चामड्याच्या, आणि त्यांच्या २०१९च्या भौगोलिक मानांकनात सांगली-साताराही आहेत, तेव्हा तसलं चामडं तुमच्या हाती येणारच. त्यावर नखसुद्धा उमटतं, लाकडाची कड तर उमटतेच.
- बोल्ट फार वर घेतात. मोठा तुकडा त्याला अडतो.

जबडे वरच्या टोकाला आधी भिडले पाहिजेत. मध्ये कागद धरून ओढून बघा; सुटला तर अजून तासा. पॉलिशचं नंतर बघू. आधी एक साधं पाकीट शिवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो दाखवा.