वर्षअखेरचा स्नेहमेळावा आणि कोकणातील उद्योजक

नोव्हेंबर संपत आला की मुंबईतील परदेशी वाणिज्य मंडळे आणि दूतावासांची व्यापारी खाती नाताळापूर्वीच्या स्नेहमेळाव्यांची निमंत्रणे पाठवू लागतात. कोकणातून त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे. पहिल्या पत्रातील शंका अनेकांच्या मनात असणार, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यात माझा काजूप्रक्रियेचा लहान कारखाना आहे. आजवर माल व्यापाऱ्यांमार्फतच बाहेर गेला. स्वतः निर्यात करावी म्हणून मी गेल्या वर्षी आयात-निर्यात संकेतांक घेतला. आता मुंबईतील एका वाणिज्य मंडळाने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील मेळाव्याचे निमंत्रण पाठवले आहे. वेळ सायंकाळी साडेसहा ते नऊ अशी आहे. माझे इंग्रजी कामापुरते आहे, मी मद्य घेत नाही आणि तेथे माझ्या ओळखीचे कोणी नाही. एवढा प्रवास करून जावे का? गेलो तर काय बोलावे आणि सोबत काय न्यावे?
— एक काजू कारखानदार, वेंगुर्ले

उत्तर : अवश्य जा, मात्र त्या संध्याकाळी सौदा ठरेल अशी अपेक्षा धरू नका. अशा मेळाव्यात शे-दोनशे माणसे अडीच तास उभ्याउभ्या भेटतात. तेथे कोणी करार करत नाही आणि एकाच माणसाचे दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ ऐकूनही घेत नाही. दोन-तीन योग्य माणसांना तुम्ही कोण आणि तुमचा माल कोणता हे नेमके लक्षात राहिले, आणि ते लक्षात असतानाच तुमचे पत्र त्यांच्याकडे पोहोचले, तर प्रवासाचे चीज झाले असे समजा.

इंग्रजीच्या संकोचाबद्दल आधी लिहितो, कारण त्यापायी निमंत्रण हाती असूनही घरी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेथे हजर होता आणि तो आला होता व्यापाराच्या सवलती मिळवण्यासाठीच. दरबारात त्याने लवून अभिवादन केले, नारायण शेणवी या दुभाष्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरून दाखवली, आणि त्या समारंभातले त्यांचे काम तेवढेच होते. तहावर शिक्कामोर्तब झाले ते 12 जूनला. भाषा येत नसताना दुभाष्या घेऊन आलेल्या त्या माणसाचे काम आपल्याच कोकणातल्या गडावर झाले. शिवाय जपानी, डच, जर्मन किंवा अरब आयातदाराची मातृभाषाही इंग्रजी नसते, त्यामुळे सावकाश आणि लहान वाक्यांत बोलणारा माणूस त्याला भरभर बोलणाऱ्यापेक्षा चांगला समजतो. तुमची ओळख चार वाक्यांत लिहून काढा आणि एखाद्या शिक्षकाकडून तपासून घ्या. प्रवासात ती मोठ्याने म्हणत जा.

त्या चार वाक्यांत काय असावे हे अधिक महत्त्वाचे आहे. ‘आमचा काजू उत्तम प्रतीचा आहे’ हे प्रत्येक जण म्हणतो आणि कोणाच्याच लक्षात राहत नाही. खरेदीदाराला प्रतवारीची भाषा कळते. डब्ल्यू-320 म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 अखंड गर, हे तुम्हाला रोजच्या कामातून ठाऊक आहेच. तेव्हा तुमच्या कारखान्यात 180, 210, 240 आणि 320 यांपैकी कोणत्या प्रती निघतात, महिन्याला किती किलो माल तुम्ही खात्रीने देऊ शकता, आर्द्रता किती ठेवता आणि 25 पौंडांचे, म्हणजे 11.34 किलोचे, निर्यातीचे पॅकिंग करता का, एवढे सांगा. डिसेंबरात काजू फुलोऱ्यावर असतो आणि बी हाती येण्यास फेब्रुवारी उजाडतो, त्यामुळे यंदाचा फुलोरा कसा आहे ही बातमीदेखील तुमच्याजवळ असते. ही बातमी खरेदीदाराला मुंबईच्या दलालापेक्षा तुमच्याकडून ऐकायला आवडेल. नेदरलँड्समधील पाहुणा भेटला, तर वेंगुर्ल्यात 1637 साली डचांनी वखार घातली आणि तिचे अवशेष आजही उभे आहेत हे त्याला जरूर सांगा. नेदरलँड्स हा भारतीय काजूगराच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे, त्यामुळे तो विषय काजूपर्यंत आपोआप येईल.

दर मात्र त्या दालनात बोलू नका. बीचा भाव हंगामात आठवड्याआड हलतो, आणि हातात पेला घेऊन सांगितलेला आकडा समोरचा माणूस लक्षात ठेवतो. कोणी विचारलेच, तर प्रत, पॅकिंग आणि बंदर नमूद करून परवापर्यंत लेखी दर पाठवतो असे सांगा. मग तो खरोखरच परवापर्यंत पाठवा.

ओळखीचे कोणी नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. साडेसहाला पोहोचा. आपल्याकडे कार्यक्रमाला अर्धा तास उशिरा जाण्याची सवय आहे, परंतु येथे पहिल्या अर्ध्या तासातच दालन मोकळे असते आणि मंडळाचे कर्मचारी नोंदणीच्या टेबलाजवळ निवांत असतात. तुम्ही निमंत्रणाला होकार कळवाल त्याच पत्रात, खाद्यपदार्थांच्या आयातीत असलेल्या एक-दोन सभासदांशी ओळख करून द्यावी अशी विनंती करून ठेवा. सभासदांची गाठ घालून देणे हे त्या कर्मचाऱ्यांचे कामच असते आणि ते आनंदाने करतात. मद्य न घेणाऱ्याकडे आता कोणी वळूनही पाहत नाही. सोडा-लिंबू मागावे, पेला डाव्या हातात धरावा, म्हणजे हस्तांदोलनाचा हात कोरडा राहतो. जेवणाच्या आशेने जाऊ नका, थोडे खाऊनच निघा. जपानी पाहुण्याला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, त्याचे कार्डही तसेच घ्यावे, क्षणभर वाचावे आणि नीट ठेवावे. पँटच्या मागच्या खिशात घालू नये, आणि त्याच्यासमोर त्यावर काही लिहूही नये. तुमच्या कार्डावर दूरध्वनी क्रमांकाआधी 91 हा देशाचा क्रमांक छापलेला असावा.

भेटवस्तूंच्या बाबतीत आपले कोकणी मन मोठे असते आणि नेमकी तेथेच चूक होते. काजूचे दोन-दोन किलोचे डबे घेऊन जाऊ नका. अमेरिकेचा 1977 चा परदेशी भ्रष्टाचारविरोधी कायदा आणि ब्रिटनचा 2010 चा लाचलुचपतविरोधी कायदा यांमुळे अनेक परदेशी कंपन्यांनी भेटी स्वीकारण्याचे नियम कडक केले आहेत, दूतावासातील अधिकाऱ्यांनाही मर्यादा असतात, आणि मोठी भेट पुढे केली की समोरच्या माणसाला ती सर्वांदेखत नाकारावी लागते. शंभर ग्रॅमची दहा-बारा सीलबंद पाकिटे पुरेत. त्यांवर प्रत, पॅकिंगची तारीख, बॅच क्रमांक आणि आत काजू असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा, कारण सुक्या मेव्याची ॲलर्जी काही जणांच्या जिवावर बेतू शकते. ज्याने मालाची चौकशी केली त्यालाच पाकीट द्यावे. ते पाकीट तो भेट न समजता नमुना समजेल, आणि ते तुमच्या अधिक उपयोगाचे आहे.

आता पत्राविषयी. काही वर्षांपूर्वी अशाच मेळाव्यात एका युरोपीय आयातदाराशी माझे फार चांगले बोलणे झाले होते. त्याला मी पत्र पाठवले ते 22 डिसेंबरला, कारण मला ते सविस्तर आणि सुंदर लिहायचे होते. तो सुट्टीवर निघून गेला, जानेवारीत परतल्यावर साठलेल्या शेकडो पत्रांखाली माझे पत्र दबले, आणि फेब्रुवारीत त्याने कळवले की हंगामाची खरेदी दुसरीकडे ठरली आहे. दोष सर्वस्वी माझा होता आणि त्याची हळहळ मला आजही वाटते. म्हणून सांगतो, दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी सहा ओळींचे पत्र पाठवा: कोठे भेटलो, काय बोललो, कोणती प्रत, किती माल, नमुना कोठे पाठवू. युरोपात 24 डिसेंबर ते 1 जानेवारी कामकाज जवळजवळ थांबते. जपानमध्ये 25 डिसेंबरला सुट्टी नसते, पण 29 डिसेंबर ते 3 जानेवारी कचेऱ्या बंद राहतात. संयुक्त अरब अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी पद्धत आहे. सौदी अरेबियात मात्र शुक्रवार-शनिवार बंद असतात. पत्र कोणत्या देशात जाणार ते पाहून वार निवडा.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचा महिला बचत गट कोकम आगळ, कोकम बटर आणि आंबापोळी तयार करतो. गटाच्या वतीने मला अशाच एका मेळाव्याचे निमंत्रण आहे, पण तो दिवस मार्गशीर्षातला गुरुवार आहे. माझा उपवास असतो आणि संध्याकाळी पूजा असते. शिवाय पुरुषांशी हस्तांदोलन करण्याची मला सवय नाही. यजमानांना सोबत न्यावे का?
— एक गटप्रमुख, रत्नागिरी तालुका

उत्तर : ताई, उपवास मोडण्याचे काहीच कारण नाही. सायंकाळची पूजा घरातील दुसऱ्या सुवासिनीकडून करून घेण्याची रीत अनेक घरांत आहे. तुमच्या घरी काय चालते ते वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा. मेळाव्यात कोणी बशी पुढे केली तर ‘आज माझा उपवास आहे’ एवढे सांगणे पुरते. त्या गर्दीत रमजानचे रोजे पाळणारे आणि ईस्टरपूर्वीचा उपवास करणारे लोकही असतात, त्यामुळे तुमच्या उत्तराचे कोणाला नवल वाटणार नाही. हस्तांदोलनाचेही तसेच आहे. तुम्हीच आधी हात जोडून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून, हसतमुखाने नमस्कार केलात की पुढे आलेला हातसुद्धा नमस्काराला जोडला जातो. आखाती देशांतील अनेक गृहस्थ तर स्वतःहून स्त्रियांपुढे हात करतही नाहीत.

यजमानांविषयी सांगायचे तर निमंत्रणावर सोबत्याचा उल्लेख नसेल तर आयोजकांना आधी विचारावे. माझे मत विचाराल तर गटातील दुसऱ्या एखाद्या भगिनीला नेण्याची परवानगी मागा. उत्पादनाविषयी प्रश्न आले की तिला उत्तरे देता येतील, आणि पुढच्या वर्षी तीच एकटी जाऊ शकेल.

कोकम म्हणजे काय, हे परदेशी माणसाला समजावताना बहुतेकांची गाडी अडते. त्याला मँगोस्टीन माहीत असते, आणि कोकम हे त्याच गार्सिनिया वंशातले झाड आहे. एवढे सांगितले की त्याला फळ डोळ्यांसमोर आणता येते. मला वाटते तुमचा खरा ग्राहक आगळापेक्षा कोकम बटरला मिळेल. ते साध्या तापमानाला घट्ट राहते आणि त्वचेवर टेकताच वितळते, म्हणून सौंदर्यप्रसाधने करणाऱ्या कंपन्या त्याच्या शोधात असतात. तेव्हा अशा कंपनीचा कोणी प्रतिनिधी येणार आहे का, याची चौकशी आधीच करा आणि लहान डबीतला नमुना जवळ ठेवा. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमला आणि 2018 पासून कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकन आहे, हेही अभिमानाने सांगा. मात्र तुमच्या गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली नसेल तर मानांकनाचे चिन्ह वेष्टनावर छापू नका, आणि विचारल्यास खरे ते सांगा.

प्रश्न : गुहागरजवळ समुद्रकिनारी आमचे निवासस्थान आणि लागून हापूसची बाग आहे. एका परदेशी व्यापारी मंडळाचे चाळीस सभासद डिसेंबरात मुक्कामी येणार असून त्यांचा संध्याकाळचा मेळावा आमच्याकडे व्हायचा आहे. त्यांत फळांचे आयातदारही आहेत. तयारी कशी करावी?
— एक व्यावसायिक, गुहागर तालुका

उत्तर : परवानग्यांपासून सुरुवात करा. मद्य ठेवणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा परवाना घ्यावा लागेल, किनाऱ्यावर मांडव घालण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाला विचारावे लागेल, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालणार नाही. मुक्कामी परदेशी पाहुण्यांची ऑनलाइन नोंद 24 तासांच्या आत करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. पारपत्रांच्या प्रती आधीच मागवून घेतल्या तर त्या दिवशी धावपळ होणार नाही.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. म्हणून मेळावा पाचलाच सुरू करा, आणि त्या दिवशीची भरती-ओहोटी गावातल्या मच्छीमारांना विचारून खुर्च्या कोठे मांडायच्या ते ठरवा. जेवणात घावन, सोलकढी, उकडीचे मोदक आणि ताजी मासळी असावी. परदेशी पाहुण्यांसाठी म्हणून पास्ता करू नका, तो त्यांना त्यांच्या घरी याहून चांगला मिळतो. तिखट बेताचे ठेवा. प्रत्येक पदार्थापाशी त्याचे नाव आणि त्यात मासे, काजू, शेंगदाणे किंवा दूध आहे का, हे लिहिलेली चिठ्ठी असावी.

पाहुणे हापूस मागतील आणि तुमच्याकडे तो नसेल, याचे वाईट वाटून घेऊ नका. डबाबंद रस देण्यापेक्षा त्यांना दुपारीच बागेत न्या आणि कलमांवर आलेला मोहोर दाखवा. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय महासंघाने मे 2014 मध्ये भारतीय आंब्याची आयात थांबवली होती आणि ती बंदी जानेवारी 2015 मध्ये उठली. तेव्हापासून फळ कोणत्या बागेतून आले आणि तिच्यावर कधी, कोणती फवारणी झाली, हे तिकडचा आयातदार बारकाईने विचारतो. मोहोरावरच्या तुडतुडा या किडीवर केलेल्या फवारण्यांची नोंदवही आणि बागेच्या मँगोनेट नोंदणीचा, म्हणजे निर्यातीसाठीच्या बागांच्या सरकारी नोंदणीचा, कागद घरात कपाटात असेल, तर तो त्या दुपारी पडवीतल्या टेबलावर काढून ठेवा.