एवढा पाऊस पडतो, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली माणसं कमी का झाली?

तुम्ही विचारलंय की पाणी असेल तिथे वस्ती दाट होते असं शाळेत शिकवतात, मग कोकणातल्या या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत घटली कशी?

मी संगमेश्वर तालुक्यातला, म्हणजे घटलेल्यांपैकीच एक. पाऊस भरपूर हे खरं, पण तो आमच्याकडे थांबत नाही. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, उतार मोठा आणि खाली पाणी न धरणारा जांभा दगड. पऱ्या-वहाळ भरून वाहतात, सगळं पाणी समुद्राला मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये आम्ही टँकरची वाट बघतो. भात पिकतं ते खालच्या खाचरांत. वरचा सडा म्हणजे नुसता कातळ. पावसाळ्यात फोटोला हिरवागार दिसतो, पण त्यावर पोट भरत नाही.

म्हणून घनतेचा आकडा जपून वाचावा. २०११ मध्ये रत्नागिरीत चौरस किलोमीटरला १९७ माणसं होती, राज्याची सरासरी ३६५. यावरून जागा मोकळी पडलीय असं वाटेल. पण तीच माणसं फक्त पिकत्या जमिनीवर वाटून बघा, मग एकेकाच्या वाट्याला किती थोडी जमीन येते ते दिसतं. त्यात पूर्वी खोती होती. कसणारा एक, मालक दुसरा. ती १९४९ च्या कायद्याने गेली, पण तोवर पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरून बसल्या होत्या. १८५० च्या दशकात तिथे कापडगिरण्या सुरू झाल्या आणि आगबोटीने जायचीही सोय होती.

पूर्वी पुरुष एकटा जायचा. मुंबईत गावकीच्या, म्हणजे गावाने मिळून घेतलेल्या, खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत आणि पैसे मनीऑर्डरने गावी. बायको, म्हातारी, गुरं गावातच. म्हणूनच २००१ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. काही जण हे प्रगतीचं लक्षण म्हणून सांगतात. माझ्या मते ते पुरुष घरी नसल्याचं लक्षण आहे. २०११ मध्ये हा आकडा ११२२ वर आला. आता बायकामुलं घेऊनच जातात, हे त्यामागचं एक कारण असावं. पुरुष एकटा गेला तर मुलं गावात जन्मतात, जोडपं गेलं की तीही नाही.

दहा वर्षांत रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. सिंधुदुर्गही सुमारे दोन टक्क्यांनी घटला.

मग ही माणसं मुंबईत वाढली म्हणाल, तर तिथेही गंमत आहे. मुंबई शहर जिल्हाही त्याच दहा वर्षांत साडेसात टक्क्यांनी घटला! १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जागी टॉवर उभे राहिले आणि लालबाग-परळच्या खोल्या विकून लोक डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरारला गेले. ही सगळी ठिकाणं तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. ठाणे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेलं. त्यात देशभरातून आलेले लोक आहेत, पण आमच्या वाडीतलेही आहेत. माझे दोन काका परळमधून उठले आणि नालासोपाऱ्यात मोजले गेले.

गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. तेव्हा आमच्या वाडीतल्या चौदा घरांपैकी नऊ घरांना कुलूप होतं. चाकरमानी गावी येतात तो शिमगा आला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. माणूस नेहमी राहतो तिथलाच धरायचा या नियमाने ते तेव्हाही ठाण्या-मुंबईचेच धरले गेले असते, पण मोजणाऱ्या मास्तरांना निदान पालखीपुढे उभं राहायला जागा मिळाली नसती.