तक्ता मिट, गालावर हात ठेव

चि. भावी डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

चावण्याच्या चार स्नायूंचे उगम आणि जोड (स्नायू जिथून निघतो ती जागा आणि जिथे लागतो ती) रात्री पाठ होतात आणि सकाळी एकमेकांत मिसळतात, असं तू लिहिलंस. मिसळणारच. तक्त्यात चौघांनाही सारखाच चौकोन मिळतो. प्रत्यक्षात प्रत्येक जण जबड्याला वेगळ्या दिशेने ओढतो, आणि ती दिशा कळली की उगम आणि जोड बरेचसे आपोआप आठवतात.

दात आवळ. जबड्याच्या कोपऱ्यावर जो गोळा टणक होतो तो मॅसेटर. गालाच्या हाडापासून तो खाली आणि थोडा मागे उतरतो, म्हणून आकसला की जबडा वर उचलतो आणि किंचित पुढेही नेतो. आता बोटं कानशिलावर ठेवून पुन्हा आवळ: हा टेम्पोरॅलिस. त्याचे पुढचे धागे जवळजवळ उभे, कानावरचे आडवे. पुढे काढलेला जबडा मागे खेचतात ते हे आडवे धागे.

मीडियल टेरिगॉइड बाहेरून हाताला लागत नाही. जबड्याच्या कोपऱ्याला बाहेरून मॅसेटर आणि आतून हा, अशा झोळीत तो कोपरा बसलेला असतो. खालच्या दाढांसाठी भूल देताना तुझी सुई याच्या शेजारून जाणार आहे. ती मध्यरेषेकडे जास्त सरकली की या स्नायूत शिरते, आणि तोंड उघडत नाही म्हणून रुग्ण परत येतो. फार मागे गेली तर भूल कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीत उतरते आणि चेहऱ्याची ती बाजू काही तास लुळी पडते. रुग्णाची घाबरगुंडी उडते ती वेगळीच.

राहिला लॅटरल टेरिगॉइड. यालाच सगळ्यात जास्त वेळ दे. बाकीचे तिघे जबडा मिटतात, हा त्याला पुढे ओढतो. त्याला दोन डोकी, म्हणजे दोन उगम. खालचं डोकं कवटीच्या तळाच्या लॅटरल टेरिगॉइड पट्टीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून निघून मागे कंडाइलच्या, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या जबड्याच्या गोलसर टोकाच्या, मानेला लागतं. वरच्या डोक्याचे काही धागे जबड्याच्या सांध्यातल्या चकतीपर्यंत पोचतात. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून सावकाश आ कर. सुरुवातीला कंडाइल मुख्यतः जागच्या जागी फिरतं, मग चकतीसह पुढे घसरतं आणि बोटाखाली खळगा पडतो. चकतीखालच्या कप्प्यात फिरणं, वरच्या कप्प्यात घसरणं. एका सांध्यात दोन सांधे आहेत म्हण ना.

आता हनुवटी. उजवा लॅटरल टेरिगॉइड एकटा आकसला तर उजवं कंडाइल पुढे जातं आणि हनुवटी डावीकडे वळते. एवढं पक्कं केलंस तर पाठांतराशिवाय निदान जमेल. डावं कंडाइल मोडलं, तर तोंड उघडताना ती बाजू पुढे सरकत नाही, म्हणून हनुवटी डावीकडेच झुकते. फक्त डावा सांधा निखळला, तर ते कंडाइल पुढे जाऊन अडकलेलं असतं, म्हणून हनुवटी उजवीकडे. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इथे हमखास गोंधळ होतो.

जांभई देताना सांधा निखळतो तेव्हा कंडाइल हाडाच्या उंचवट्यापलीकडे उतरतं, आणि जबडा मिटणारे स्नायू आखडून त्याला तिथेच वर दाबून धरतात. त्यामुळे नुसतं मागे ढकलून काही होत नाही. अंगठ्यांना गॉज गुंडाळून, खालच्या दाढांवर ठेवून आधी खाली दाबायचं, मगच मागे. गॉज विसरू नकोस. जबडा जागेवर बसताना दात फटकन मिटतात.

मात्र तोंड उघडत नाही म्हटलं की लगेच स्नायूंवर संशय घेऊ नकोस. मोठ्या माणसाच्या तोंडात साधारणपणे त्याचीच तीन बोटं उभी मावतात. विदर्भात शिकतेस, तेव्हा जेमतेम एक बोट जाईल अशी तोंडं बघशील, आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) किती वर्षं खातोस हे विचारावं लागेल. तिथे सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तरच ताठ होऊन त्यात तंतूंचे पट्टे तयार झालेले असतात. स्नायूंची पाळी नंतर येते. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली, सुपारी मात्र टपरीवर आहेच.

पुस्तकात आहे ते अंतिम, असंही मानू नकोस. खालचा जबडा दोन हाडांचा असतो असं गॅलेन या प्राचीन वैद्याने लिहून ठेवलं होतं. ते चूक असल्याचं व्हेसॅलियस या शरीररचनातज्ज्ञाने १५४३ च्या ग्रंथात दाखवलं. (जन्माच्या वेळी तो दोन अर्ध्यांचा असतो आणि पहिल्या वर्षात जुळतो, हे खरं.) आणि मॅसेटरसारख्या रोज चाचपल्या जाणाऱ्या स्नायूचा कोरोनॉइडला (जबड्याच्या वर गेलेल्या पुढच्या टोकाला) जोडलेला तिसरा, खोल थर बाझल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये नीट वर्णन करून मांडला.

पुढच्या डिसेक्शनला (शवविच्छेदनाला) मॅसेटर खाली वळवाल, कोरोनॉइड टेम्पोरॅलिससकट वर उचलाल, तेव्हा लॅटरल टेरिगॉइड उघडा पडेल. त्याच्याजवळून मॅक्सिलरी धमनी जाते, कुणात खालच्या डोक्यावरून, कुणात त्याच्या आतल्या बाजूने. एकाच माणसात दोन बाजूंना वेगळीही असू शकते. तुमच्या टेबलावर ती कशी आहे ते दोन्हीकडे बघ आणि मला कळव.

तुझा,
सर