आजारातले अण्णा, पुरातले अण्णा

“वर्षश्राद्धाला मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलंय. घरातर्फे मी चार शब्द बोलावेत असं सगळ्यांचं म्हणणं. पण मला अण्णांचं चांगलं काही आठवतच नाही हो. डोळे मिटले की एकच ऐकू येतं, ‘हिनं माझे पैसे चोरले.’”

सांगलीच्या या बाई सून. सासऱ्यांचं अंघोळ-जेवणापासून लंगोटापर्यंत सगळं त्यांनीच केलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अण्णा म्हणजे गल्लीचा हक्काचा माणूस. कुणाकडे मयत झाली, कुणाला रक्ताची बाटली लागली, की पहिला निरोप त्यांना. घरातही तसेच, नातवंडांच्या वह्यांना कव्हरं घालणार तेच, सुनेला माहेरी जाताना एसटीत बसवून देणार तेच. २००५ च्या पुरात लोकांना नावेत घालून बाहेर काढण्यात ते पुढं होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलापाशी, जिथं पुराची पातळी मोजतात, कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा सत्तरी उलटलेले अण्णा अडकलेल्यांची यादी करायला बसले आणि एकाच घराचं नाव तीनदा लिहून ठेवलं. वय झालं म्हणून सगळ्यांनी हसून सोडून दिलं. निदान व्हायला पुढं वर्ष गेलं : अल्झायमर, डिमेन्शियाचा म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार.

‘आजारातलाच माणूस डोळ्यासमोर येतो, आधीचा कुठं गेला?’ हा प्रश्न डिमेन्शियाच्या रुग्णाला निरोप दिलेल्या बहुतेक घरांतून माझ्याकडे येतो. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे हा प्रश्न किती घरांत असेल बघा. शेवटची वर्षं ताजी असतात, त्यात झोपमोड, भीती, चिडचिड. अशा आठवणी मनावर खोल उमटतात. जुन्या पुसल्या जात नाहीत, त्यांच्याखाली दबतात.

चोरीच्या आळाबद्दल मात्र मी त्यांच्याशी सविस्तर बोलले, कारण खरा काटा तिथं होता. या आजारात मेंदूचा नवं साठवणारा भाग लवकर खराब होतो. माणूस पाकीट उशीच्या अभ्र्यात ठेवतो आणि ठेवल्याची नोंदच राहत नाही. पाकीट नाही, आपण तर हलवलं नाही, मग नेलं कुणी? मेंदू ती जागा भरून काढतो आणि नाव येतं जवळच्या माणसाचं. जी दिवसभर खोलीत वावरते तीच चोर ठरते. पुण्याहून महिन्यातून एकदा येणारी लेक कधीच ठरत नाही, तिची वाहवा होते. हा अन्याय मी इतक्या सुनांच्या तोंडून ऐकलाय की आता त्यांनी सुरुवात केली की शेवट मला ठाऊक असतो.

“ते गेले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं,” हे त्या खाली बघत म्हणाल्या. वाटणारच. वर्षानुवर्षं रात्री एक कान जागा ठेवणाऱ्या माणसाला वाटतंच. त्यात प्रेम कमी असल्याचा पुरावा नसतो.

‘चांगल्या आठवणी काढा’ असं मी सांगत नाही. त्यानं माणूस आणखी अडतो. मी म्हटलं, आजारपणातलाच एखादा प्रसंग सांगा, चांगला-वाईट काही ठरवू नका.

त्या जरा वेळानं म्हणाल्या, “पाऊस लागला की रात्री उठायचे. बॅटरी घ्यायचे, धान्याचे डबे माळ्यावर चढवायला लागायचे. ‘इर्विनला किती झालं?’ हाच घोष. मी सांगायची, अण्णा, पूर नाही, झोपा. मग अंगावर यायचे. एकदा मी पार दमले होते. म्हटलं, पस्तीस फूट. तर थांबले. म्हणाले, ‘मग अजून वेळ आहे. पण बाळंतिणीला आणि म्हाताऱ्यांना आत्ताच हलवा. सूर्यवंशी प्लॉटात आधी शिरतंय.’ आणि जाऊन झोपले.”

सांगलीत चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. नातवाचं नाव विसरलेल्या माणसानं पस्तीसला ‘वेळ आहे’ म्हटलं. खूप वर्षं हाताखालून गेलेलं काम नव्या गोष्टींपेक्षा उशिरा पुसलं जातं. आजारी अण्णा आणि पुरातले अण्णा असे दोन वेगळे करायची गरज नव्हती. बाई रडल्या, आणि पहिल्यांदाच ते रडणं अण्णांसाठी होतं.

हा प्रसंग शिबिरात सांगायला त्यांच्या यजमानांचा विरोध होता. “लोकांना वेड्यासारखे वाटतील.” मुलाचं दुःख त्या विरोधात होतं, तो मोडून काढण्यात मला शहाणपण वाटलं नाही. नवरा-बायकोनं मिळून ठरवलं : लंगोट, आरडाओरडा घरातच राहील, पस्तीस फूट सांगायचं. त्यांनी सांगितलंही. शिबिरानंतर मंडळाचा एक कार्यकर्ता बाजूला येऊन विचारून गेला, की आई रोज कपाट उपसते, कोणत्या डॉक्टरांना दाखवू?

चोरीचा आळ अजून बोचतो, असं त्या परवा म्हणाल्या. आजाराचं कारण कळलं म्हणून तो बोचायचा थांबेल, असं मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. अण्णांना त्यासाठी माफ करायलाच हवं, असंही नाही. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा येणार आहेत, या वेळी यजमानांना घेऊन.