मोनोवीची लोकसंख्या एक की दोन?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या मोनोवी गावाची लोकसंख्या २०१०च्या जनगणनेत १ होती आणि २०२०मध्ये २ झाली. मग हा दुसरा माणूस कोण? आणि एका माणसाचं गाव 'गाव' म्हणून टिकतं तरी कसं?

आधी दुसऱ्या माणसाचं सांगतो. तो नाहीच. २०२१मध्ये आकडे जाहीर झाले तेव्हा पत्रकारांनी गावातल्या एकमेव रहिवासी आणि तिथली खानावळ चालवणाऱ्या एल्सी आयलर यांना विचारलं, तर इथे मी एकटीच राहते, असं त्यांनी सांगितलं. दुसरा रहिवासी जनगणना खात्याने घातला होता, तोही जाणूनबुजून. अमेरिकेत जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती ७२ वर्षं गुप्त ठेवावी लागते. पण ज्या गावात एकच माणूस आहे, तिथे वय, लिंग, वंश यांचे तक्ते छापले की त्या माणसाचा अर्जच छापल्यासारखं होतं. २०१०मध्ये काही घरांची माहिती आपसात अदलाबदल करून हे झाकलं जायचं, मात्र एकूण डोकी तेवढीच राहायची. २०२०पासून पद्धत बदलली. आता लहान भागांच्या आकड्यांत गणिती हिशोबाने थोडी 'गडबड' मिसळतात. राज्याची एकूण लोकसंख्या खरीच ठेवतात, त्याखालचे आकडे मात्र थोडे इकडे-तिकडे होतात. या पद्धतीमुळे फक्त लहान मुलंच राहतात असे ब्लॉकही (जनगणनेचे सर्वांत छोटे भाग) तक्त्यांत सापडतात. मोनोवीच्या वाट्याला एक माणूस जास्तीचा आला आणि कागदावर दहा वर्षांत गाव १०० टक्के वाढलं!

तेव्हा मुलांच्या प्रकल्पात किंवा लेखात लिहिताना 'अधिकृत २, प्रत्यक्षात १' असं लिहा.

आता गाव रिकामं का झालं ते. मोनोवी बॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे, नायोब्रारा आणि मिझुरी या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. उत्तरेला साउथ डकोटाची हद्द अगदी जवळ. या पट्ट्यात आधी पोंका या मूळनिवासी जमातीचे लोक राहायचे. १८६८च्या करारात सरकारने चुकून त्यांची जमीन सू या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या नावावर केली आणि चूक निस्तरण्याऐवजी १८७७मध्ये पोंकांनाच आजच्या ओक्लाहोमाकडे हाकललं. त्यात कितीतरी माणसं दगावली. त्यांचे प्रमुख स्टँडिंग बेअर आपल्या मुलाला नायोब्राराकाठी पुरण्यासाठी परत निघाले, तर त्यांना अटक झाली. १८७९मध्ये ओमाहाच्या न्यायालयात न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूळनिवासी) हाही 'माणूस' आहे. आज बहुतेक लेख एल्सीबाईंच्या हॅम्बर्गरपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. माझ्या मते या मुलखात कुणाला मोजलं आणि कुणाला नाही, ही गोष्ट १८७९पासून सांगायला हवी. नेब्रास्काच्या पोंका जमातीला सरकारी मान्यता पुन्हा मिळायला १९९० उजाडलं.

मोनोवी वसलं ते रेल्वेमुळे. १९०२मध्ये फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिझुरी व्हॅली कंपनीची लाइन इथून पुढे साउथ डकोटातल्या बोनस्टीलपर्यंत गेली. दोनच वर्षांनी तिकडच्या, सू लोकांसाठी राखून ठेवलेल्या रोझबड क्षेत्रातल्या जमिनी सरकारने लॉटरीने वाटल्या. सुमारे २,४०० तुकड्यांसाठी एक लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली आणि त्यातल्या हजारोंना बोनस्टील गाठायचं होतं. अशा लाइनीवर दर दहा-पंधरा किलोमीटरला एक स्टेशन असायचं, कारण शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य घालून निघावं, गोदामात उतरवून बाजार करावा आणि दिवेलागणीला घरी परतावं, एवढाच पल्ला एका दिवसात होत असे. म्हणजे ही गावं घोड्याच्या चालीवर बेतलेली होती. मोटार आल्यावर त्यातली निम्मी आपोआपच फालतू ठरली. हे लक्षात घेतलं की 'गाव ओस का पडलं' यापेक्षा 'इतकी वर्षं टिकलं कसं' हा प्रश्न जास्त रास्त वाटतो.

मोनोवीत एके काळी दीडशे लोक होते असं सर्रास लिहिलेलं दिसतं. १९३०च्या जनगणनेत १२३ आहेत. त्यानंतर उतार लागला. ट्रॅक्टर आले, पूर्वी चार कुटुंबांना लागायची तेवढी जमीन एकटा माणूस कसू लागला, आणि मुलं शिकून शहरात गेली. पोस्ट आणि किराण्याची दुकानं १९६७ ते १९७०च्या दरम्यान बंद झाली, १९७४मध्ये शाळा. रेल्वेही गेली. शाळा गेली की लहान मुलांचं कुटुंब तिथे राहत नाही; आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांवर हे कुणाला वेगळं समजावून सांगायला नको. २०००मध्ये एल्सी आणि रूडी हे आयलर पती-पत्नी, असे दोघेच उरले. २००४मध्ये रूडी वारले. त्यांच्या संग्रहातली सुमारे पाच हजार पुस्तकं एका छोट्या खोलीत ठेवून बाईंनी 'रूडीज लायब्ररी' काढली.

एका माणसाचं गाव कायद्याने कसं चालतं? आपल्याकडे महसुली गाव सरकारच्या नकाशावर असतं. माणसं गेली तर दप्तरी 'बेचिराख' अशी नोंद होते, तरी गाव राहतंच. अमेरिकेत ही सोय नाही. तिथे लोकांनी एकत्र येऊन नगरसंस्था म्हणून नोंदणी केली तरच गावाला हद्द, कर आणि कारभार मिळतो. नोंदणी मोडली की ती जमीन नुसती काउंटीची. मोनोवीने ती मोडली नाही. त्यामुळे एल्सीबाई महापौर, कारकून आणि खजिनदार, सगळं एकट्याच. आपल्या खानावळीचा दारूचा परवाना महापौर म्हणून स्वतःच मंजूर करायचा, कर स्वतःच भरायचा, आणि रस्त्यांचा आराखडा दरवर्षी राज्याला पाठवायचा, कारण त्यावर पथदिव्यांचा निधी अवलंबून असतो. पथदिवे चार.

लोक याला गंमत म्हणून बघतात. मला ती गंमत कमी आणि नेटाने चालवलेला कारभार जास्त वाटतो, कारण एक वर्ष कागद नाही पाठवले तर दिवे बंद.

एक गोष्ट मात्र या '१'मुळे झाकली जाते. गावाची हद्द अर्ध्या चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. हद्दीबाहेर गुरं पाळणारी, शेती करणारी कुटुंबं आहेत, आणि एल्सीबाईंच्या खानावळीचं, म्हणजे मोनोवी टॅव्हर्नचं, गिऱ्हाईक तेच. हायवे १२वरून जाणारे हौशी प्रवासी त्यात भर घालतात. खानावळ १९७१पासूनची, बाई तिथल्याच पंचक्रोशीत वाढलेल्या. ज्यांची शाळा, स्टेशन, पोस्ट एकेकाळी मोनोवीत होतं त्या घरांची गणती मोनोवीत होत नाही.

म्हणून या भागाची अवस्था पाहायची असेल तर गावापेक्षा काउंटीचा आकडा घ्या. तो मोठा असल्यामुळे त्यात मिसळलेल्या गडबडीने फारसा फरक पडत नाही. बॉइड काउंटीत १९१०मध्ये पावणेनऊ हजारांच्या आसपास लोक होते, २०२०मध्ये सुमारे १,८००. तुलनेसाठी शेजारच्या नॉक्स काउंटीतलं नायोब्रारा गावही बघा. ते एकदा १८८१च्या पुरानंतर आणि पुन्हा १९७०च्या दशकात, खालच्या गॅव्हिन्स पॉइंट धरणामुळे भूजल वर आल्यावर, असं दोनदा उचलून दुसरीकडे वसवलं. ते अजून नांदतं आहे, आणि पोंका जमातीचं मुख्यालयही तिथेच आहे.