मावशींना सांगा, सहाच पोळ्या

(पत्र थोडक्यात: वय ५३, पुण्यात नोकरी. एकवीस वर्षं आम्ही दोघं एकत्र राहिलो, सोसायटीत 'मित्र' म्हणून. फेब्रुवारीत तो घर सोडून गेला. भांडण नाही, 'आता काही उरलंय असं वाटत नाही' एवढंच म्हणाला. शेजाऱ्यांना मी 'बंगळुरूला बदली झाली' असं सांगतो. पोळ्यांच्या मावशी अजून बारा पोळ्या करतात. कमी करा म्हणायचा धीर होत नाही, उरलेल्या रात्री गेटवरच्या कुत्र्याला घालतो. साताऱ्याच्या ताईला सांगावं का? या वयात आता कोण भेटणार? – स., पुणे)

स., तुमचं पत्र चार पानी. बाकी सगळं बाजूला राहिलं आणि मी त्या पोळ्यांपाशीच अडकले.

आधी माझी एक चूक कबूल करते. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका पत्राला मी उत्तर दिलं होतं : 'लग्न करा, हळूहळू सगळं ठीक होईल.' त्या मुलाचं, आणि त्याने लग्न केलंच असेल तर त्या मुलीचं, पुढे काय झालं असेल हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेव्हा माझा सल्ला जरा पारखूनच घ्या.

नवरा-बायको वेगळे झाले की निदान गाजावाजा तरी होतो. वकील येतात, मामा-काका बैठक घालतात, एखादी मैत्रीण चार दिवस राहायला येते. तुमच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा जाच २०१८ च्या सप्टेंबरात संपला. पण समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. लग्नच नाही, मग घटस्फोट कुठला? एकवीस वर्षांचा संसार मोडला आणि बाहेर त्याची बातमी काय, तर 'बदली झाली'. बदलीवर गेलेल्या माणसासाठी कोणी तुमच्या खांद्यावर हात ठेवणार नाही हो. उलट लिफ्टमध्ये विचारतील, 'मग, कधी येताहेत परत?' आणि तुम्हाला हसून तारीख सांगावी लागेल.

शेजाऱ्यांचं सोडा, त्यांना तुमच्या घरातलं कळायलाच हवं असं नाही. पण ताईला सांगा. तुम्हीच लिहिलंय की दर भाऊबीजेला ती दोन पाट मांडते, दोघांना ओवाळते आणि त्याच्या डब्यात बिनखोबऱ्याचा चिवडा वेगळा भरून देते. अहो, भावाच्या 'रूममेट'ला खोबरं चालत नाही हे एवढी वर्षं कोण लक्षात ठेवतं? तिला कळलेलं आहे. तिने विचारलं नाही, तुम्ही बोलला नाहीत, आणि दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. फोनवर मोठं प्रास्ताविक करू नका. 'ताई, तो गेला गं, मला फार जड जातंय,' इतकंच म्हणा. कदाचित ती गप्प बसेल. तिलाही वाईट वाटणार आहे, तिचाही एक भाऊ कमी झाला.

आता तुम्ही लिहिलेल्या त्या रात्रीच्या डेटिंग अ‍ॅपबद्दल. रात्री टाकता, सकाळी काढता, आणि वय ४४ लिहिता! ५३ लिहा. पहिली भेट चार माणसांत, हॉटेलात चहा प्यायला. घरी लगेच बोलावू नका, कारण या वाटेने लुबाडणारे आणि धमकावून पैसे उकळणारेही येतात. पण खरं सांगू? तुम्हाला आत्ता जोडीदार नकोय, ज्यांच्यापुढे 'बदली' म्हणावं लागणार नाही अशी चार माणसं हवीत. समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत: पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. अशा ठिकाणी चौकशी केलीत तर तुमच्या वयाची, तुमच्यासारखीच खोटी उत्तरं देऊन दमलेली माणसं भेटतील. आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही असं लिहिलंय, ते मी हलक्यात घेत नाहीये. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन चोवीस तास चालू असतो, फुकट असतो. डॉक्टरांनाही दाखवा.

मुदत ठेवींवर त्याचंच नाव नॉमिनी म्हणून आहे, ते काढू का, असं विचारलंय. रागाच्या भरात नको. पण कपाट उघडवत नाही म्हणून तसंच राहू देणंही बरं नाही. दिवाळीनंतर एकदा कागद बाहेर काढा. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, त्यासाठी मात्र वकिलाकडे लवकर जा, आणि शक्य असेल तर त्यालाही बरोबर न्या.

उद्या सकाळी मावशी आल्या की सांगा, 'आजपासून सहाच करा.' का, ते त्या विचारतील. सांगावंसं वाटलं तर सांगा, नाहीतर 'राहतात हो उरून' म्हणा. ताई राहायला आली की पुन्हा बारा सांगता येतील. कुत्र्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, त्याला आता सवय लागली असणार.