कॉलेज फुटबॉलच्या नव्या रिक्रूटिंग क्लासवर चाहत्यांनी एवढी आशा लावावी का?

ह्यूस्टनच्या तुमच्या ऑफिसातली टेक्सास ए अँड एमची मंडळी नवा क्लास, म्हणजे हायस्कूलमधून अमेरिकन फुटबॉलसाठी घेतलेल्या पोरांची नवी तुकडी, देशात पहिल्या दहात आला म्हणून आत्तापासून राष्ट्रीय विजेतेपदाच्या गप्पा मारतायत, आणि हा खुळेपणा आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः ॲगी, म्हणजे ए अँड एमवाला आहे, मास्टर्स तिथेच, कॉलेज स्टेशन गावात केलं. खुळेपणा अजिबात नाही. डिसेंबरात पोरांनी सह्या केल्यावर ज्याला आशा वाटत नाही, त्याने सप्टेंबरात स्टेडियममध्ये येऊन जागा अडवू नये.

हा विषय निघाला की कोणीतरी 2022 काढतंच, म्हणून तेच आधी सांगतो. त्या वर्षीचा आमचा क्लास 247स्पोर्ट्सच्या (हायस्कूलच्या खेळाडूंना स्टार देणारी वेबसाइट) एकत्रित गुणांकनात तोवरचा सर्वांत वरचा होता. नुसत्या डिफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत, वॉल्टर नोलन, शेमार स्ट्युअर्ट, एलटी ओव्हरटन! 10 सप्टेंबरला ॲपलॅचियन स्टेटशी घरच्या मैदानावर सामना होता. माझा आत्तेभाऊ ऑस्टिनवाला, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या लाँगहॉर्न्सचा. त्याला हौसेने आमच्या काइल फील्ड स्टेडियमवर घेऊन गेलो होतो. त्यांचा अलाबामाशी सामना त्याच दिवशी ऑस्टिनला चालू होता, त्यामुळे स्टँडमध्ये येऊन बसला तरी त्याचं डोकं फोनमध्येच. 20-19 हरले ते. मग त्याने फोन खिशात टाकला आणि आमच्याकडे बघायला लागला.

आम्ही 17-14 हरलो. स्कोअर एक वेळ पचवला असता. पण साठ मिनिटांच्या खेळात चेंडू एक्केचाळीस मिनिटांहून जास्त त्यांच्याकडे होता. आमचा डिफेन्स कमरेवर हात ठेवून धापा टाकतोय, जर्सी घामाने अंगाला चिकटलेल्या, आणि ऑफेन्स मैदानात आला न आला की पंट, म्हणजे चेंडू लाथाडून पुन्हा त्यांच्या हवाली. आत्तेभाऊ कानाशी येऊन म्हणाला, "काय रे, भरदुपारी तारे दिसले ना?" सामना संपल्यावर तो "निघूया, ट्रॅफिक लागेल" करत होता. पण हरलो तरी विद्यार्थी जागचे हलत नाहीत, तिथेच उभं राहून पुढच्या आठवड्यासाठी येल प्रॅक्टिस, म्हणजे घोषणांचा सराव, करतात, ही आमची रीत. मीही थांबलो आणि घसा बसेपर्यंत ओरडलो. याचा मला आजही अभिमान वाटतो.

तो सीझन 5-7 असा गेला. तेव्हापासून दर दिवाळीच्या फराळाला आत्तेभावाचं एकच पालुपद: स्टार-बिर सगळं थोतांड आहे.

थोतांड कसं? एप्रिल 2025 चा एनएफएल ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक लीगची खेळाडू-निवड, काढून बघा. सोळाव्या क्रमांकावर नोलन, लगेच सतराव्यावर स्ट्युअर्ट. दोघंही त्याच क्लासचे. फरक एवढाच की स्ट्युअर्ट आमच्याकडे राहिला आणि नोलन ओल मिस या दुसऱ्या कॉलेजमार्गे गेला. ओव्हरटन अलाबामाला गेला, त्याच क्लासचा रिसीव्हर (चेंडू झेलणारा) इव्हान स्ट्युअर्ट ओरेगॉनला. पारखणाऱ्यांनी पोरं बरोबर पारखली होती, ती आम्हाला सांभाळता आली नाहीत. 2021 पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागेना, त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता यायला लागले. अशात टीम हरतेय आणि ऑफेन्स ढेपाळलाय, तर 19 वर्षांचा पोरगा कशाला थांबेल? नोव्हेंबर 2023 मध्ये आमचे मुख्य कोच जिम्बो फिशरना काढलं, तेही साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम कबूल करून.

आणि स्टार थोतांड म्हणणारा हाच माणूस जून 2022 मध्ये पाच स्टारवाल्या क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) आर्च मॅनिंगने टेक्सासला होकार दिला तेव्हा घरोघरी फोन करत होता. त्याच मॅनिंगने पुढे दोन सीझन तिथल्या क्वार्टरबॅक क्विन एवर्सच्या मागे राखीव बसून काढले. म्हणजे क्लासला वेळ द्यावा लागतो हे त्याला नीट कळतं, फक्त आमच्या बाबतीत कळत नाही.

तुमच्या सहकाऱ्यांना एवढंच विचारा, की यात लाइनमन किती आहेत आणि मागच्या तीन क्लासमधले किती टिकलेत? क्वार्टरबॅकच्या व्हिडिओवर कोणीही भाळतं. 2025 मध्ये आम्ही पहिले 11 सामने सलग जिंकलो, तेव्हा क्वार्टरबॅक मार्सेल रीड हा 2023 च्या क्लासचा, आपल्याकडेच मुरलेला होता. हां, त्याचे मुख्य रिसीव्हर केसी कन्सेप्सियन आणि मारिओ क्रेव्हर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतून, आणलेले, हेही खरं. आणि इंडियानाने 2024 मध्ये नावाजलेला क्लास नसताना 11 सामने जिंकले, कारण नवे कोच कर्ट सिग्नेटी येताना जुन्या कॉलेजची तयार पोरं सोबत घेऊन आले. तेव्हा नुसत्या क्लासवर सगळं ठरत नाही, हे मला मान्य आहे.

पण एखादा टेक्सासवाला तुम्हाला 17-14 ऐकवायला लागला, तर त्याला आधी सोळावा आणि सतरावा पिक विचारा. माझ्या आत्तेभावाने अजून उत्तर दिलेलं नाही.